जड टीव्ही, पोकळ भिंत आणि तरफेचा धडा

आपल्या वर्गात किंवा हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचा ठरला की आपण इंच आणि किंमत विचारतो. भिंत कसली आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्या खापरखेड्यात १३४० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे राखेच्या विटा आपल्याला नव्या नाहीत. अशा भरीव भिंतीत योग्य फास्टनर नीट बसला की वजन पेलतं. पण एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग करताना हल्ली जिप्समचं पार्टिशन टाकतात. त्यात आत पत्र्याचे उभे चॅनल असतात, साधारण दोन-दोन फुटांवर, आणि पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड. मधे पोकळी. इथे मिस्त्री भाऊ म्हणाले, "गिट्टी टाकून ठोकून देतो, काही होत नाही," तर त्यांना थांबवा. खाली आपली लेकरं बसणार आहेत.

आता खरा धडा. मुलांना दप्तर छातीशी धरायला सांगा, मग हात लांब करून धरायला सांगा. वजन तेच, पण खांदा लगेच बोलतो! भिंतीचंही तसंच. समजा पॅनल ४० किलोचा आहे, त्याचं वजन भिंतीपासून ६ सेंमीवर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालची कड ४० सेंमी. वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर ४० × ६ ÷ ४० म्हणजे ६ किलोइतका. तोच पॅनल लांब हाताच्या ब्रॅकेटवर ४८ सेंमी पुढे ओढला तर ४८ किलो, म्हणजे आठपट! शिवाय ४० किलो खाली ओढतातच. त्यात एखादं पोरगं कडेला लोंबकळलं, तर विचारायलाच नको. म्हणून पोकळ भिंतीवर चपटाच ब्रॅकेट घ्यावा.

चॅनल शोधायला मुलांना कामाला लावा. दोऱ्याला बांधलेलं चुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवा. बोर्डाच्या आतल्या स्क्रूंवर ते अडकतं. तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा एका उभ्या रेषेत आल्या की चॅनल सापडला. पोरांना हा शोध फार आवडतो. मात्र ड्रिल मोठ्यांनीच चालवायचं, तेही मेन स्विच बंद करून, कारण वायरी याच पोकळीतून गेलेल्या असतात.

मजबुतीसाठी १८ मिलिमीटरची प्लायची रुंद पट्टी किमान तीन चॅनलवर येईल अशी, प्रत्येक चॅनलमध्ये तीन-चार सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूंनी बसवतात, आणि ब्रॅकेट त्या प्लायवर. बोर्ड उघडून आतून लावली तर दिसायला छान, पण बाहेरून लावलेली तपासायला सोपी. शाळेसाठी मला बाहेरचीच बरी वाटते. साध्या टीव्हीला एवढं सहसा पुरतं. चाळीस-पन्नास किलोच्या टच पॅनलला मात्र नाही. तिथे जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी चौकोनी पाइप उभे करून, वर-खाली पाया-स्लॅबला पक्के करायचे, म्हणजे भार बोर्डावर न येता जमिनीवर जातो. तेवढा खर्च जमत नसेल तर रुंद पायांचा स्टँड घ्या.

वर्गात हेच पुठ्ठ्याच्या खोक्यावर करून बघा. नुसत्या पुठ्ठ्यात हुक अडकवून पाण्याची बाटली टांगा. मग आतून लाकडी पट्टी लावून पुन्हा टांगा. पुठ्ठा कुठून फाटायला लागला, ते मुलांनाच वहीत काढू द्या.