नवी जागा, जुना दिनक्रम

संगमनेर

चि. सोनू,


तू पाठवलेली भंडारदऱ्याची आखणी नीट वाचली. शुक्रवारी रात्री डोंबिवलीहून निघायचं, शनिवारी सकाळी कळसूबाईचा पायथा, दुपारी रंधा धबधबा, संध्याकाळी बोट, रविवारी रतनवाडी आणि तिथून साम्रदची सांधण दरी, रात्री तंबूत मुक्काम आणि सोमवारी पहाटे परत. बरोबर साडेचार वर्षांची थोरली आणि दीड वर्षाचा धाकटा. ‘वर्षभर मुलांना कुठे नेलं नाही, आता सगळं दाखवायचंय’ असं तू लिहिलंस. या तळमळीचं मला कौतुक आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. लहान मुलाला एका वेळी एकच नवं झेपतं. या सहलीत ते नवं म्हणजे जागा. बाकीचं सगळं, जेवणाची वेळ, दुपारची झोप, अंगावरची गोधडी, झोपताना गोष्ट सांगणारा आवाज, हे जुनंच राहू दे.

बालवाडीत इतकी वर्षं काढली, त्यात हे मी दर जूनमध्ये पाहिलं. नवी खोली, नव्या बाई, आजूबाजूला अनोळखी मुलं, त्यामुळे रडारड ठरलेली. पण प्रार्थनेनंतर गाणं, गाण्यानंतर खेळ, खेळानंतर खाऊ आणि खाऊनंतर आई, हा क्रम रोज जराही न बदलता चालला की मूल सावरायचं. चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. आंघोळीनंतर जेवण आणि जेवणानंतर झोप, हेच त्याचं घड्याळ. सहलीत आपण ते एका झटक्यात बंद पाडतो. दुपारी दोनला जेवण, झोप गाडीत अर्धवट, रात्री दहापर्यंत जागरण. मग संध्याकाळी मूल भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो, ‘एवढं फिरवलं तरी किरकिर!’ त्या मुलाची काहीच चूक नसते. दिवसाचा कुठला भाग चालू आहे, हेच त्याला उमगत नसतं.

तेव्हा आधी रात्रीचा प्रवास रद्द कर. शनिवारी सकाळी मुलं उठली, दूध-नाश्ता झाला, की निघा. शहापूर, कसारा, इगतपुरी करत घोटीला या आणि तिथून भंडारदऱ्याकडे वळा. कसाऱ्याच्या घाटात थोरलीला मळमळतं, हे मला माहीत आहे. निघण्याआधी तेलकट काही देऊ नकोस. घाटात तिच्या हातात मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक देऊ नकोस. तिला लांबचं काही बघायला सांग, काच थोडी खाली ठेव. इगतपुरीला अर्धा तास थांबा आणि दोघांना जमिनीवर मोकळं चालू दे.

सांधण दरी यादीतून काढून टाक. मोठमोठ्या दगडांतून उतरत जाणारी ती अरुंद घळ आहे, मुलाला कडेवर घेऊन तिथे जायचं नसतं. कळसूबाईचा पायथा बघून मुलांना काय मिळणार? १६४६ मीटरचं ते शिखर चढायला थोरली मोठी होऊ दे, मग मीच तुला आठवण करून देईन. रंधाही राहू दे. दोन दिवसांत दोनच गोष्टी ठेव, एक तळ्याचा काठ आणि दुसरी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. रतनवाडीला गाडीनेच जा. देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम थोरलीला हवं तितका वेळ बघू दे. ती एकाच हत्तीपाशी थांबली, तर तुम्हीही थांबा. शेजारची पुष्करणी सुंदर आहे, पण खोल आहे. तिथे तिचा हात सोडायचा नाही.

तंबूही नको. डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी पडते, दव पडून सगळं ओलं होतं, आणि नाताळाच्या गर्दीत काठावरच्या तंबूंमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. त्याहून मोठं कारण म्हणजे पाणी. दीड वर्षाचं मूल पहाटे कधी उठेल आणि चेन उघडी दिसली की कुठे चालू लागेल, याचा नेम नाही. दाराला आतून कडी असलेली, काठापासून दूरची खोली घ्या.

पाण्याविषयी मी कडक बोलणार आहे, ते ऐक. तुम्ही ज्याला तळं म्हणता ते मुळात प्रवरा नदीचं खोरं आहे. धरण बांधून ते अडवलं, तेव्हा डोंगराचा उतारच त्याचा काठ झाला. त्यामुळे दोन पावलांवर घोट्याइतकं असलेलं पाणी चौथ्या पावलाला गळ्यापर्यंत येऊ शकतं. पाणी सोडलं की पातळी खाली जाते आणि काठाला गाळ उघडा पडतो. तो वरून सुकलेला दिसतो, पण आत पाय रुततो. म्हणून या वेळी कुणीही पाण्यात उतरायचं नाही, जावईबापूंनीसुद्धा नाही. मुलं मोठ्यांचं पाहूनच पाऊल टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडून दगावण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त आहे. तुझी थोरली अजून त्या वयात आहे, आणि धाकटाही त्यातच आहे. बुडणारं मूल ओरडत नाही, तोंड पाण्याशी असताना ओरडायला श्वासच नसतो. आणि बहुतेक वेळा मोठी माणसं जवळच असतात, प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून काठावर असाल तेव्हा पाळी लावा. ‘आता माझी पाळी’ असं मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘बरं’ म्हणायचं. ज्याची पाळी त्याने मोबाइल, फोटो, गप्पा, चहा, काही करायचं नाही. धाकटा हाताच्या अंतरात हवा. वीस मिनिटांनी पाळी बदला, कारण त्याहून जास्त वेळ लक्ष टिकवणं कठीण जातं.

बोटीत बसायचं असेल तर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते आधी विचार. घातल्यावर खांद्यापाशी धरून वर उचलून बघ. ते हनुवटीवर सरकलं तर मोठं आहे, चालणार नाही. माप नसेल तर बोट रद्द. तुम्ही दोघांनीही जॅकेट घालायचं. हवा भरायची ट्यूब हे खेळणं आहे, तिच्या भरवशावर राहू नकोस. आणि खोलीतल्या न्हाणीघरात भरलेली बादली ठेवू नकोस. धाकट्याच्या वयाच्या मुलाला तेवढं पाणीही जिवावर बेतणारं असतं.

हे सगळं सांभाळलं की काठ मुलांसाठी आनंदाचा आहे. पाण्यापासून लांब, सपाट जागी चटई टाका आणि त्यांना मोकळं सोडा. खेळणी नेऊ नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी दगड, पानं, बिया, शिंपले हीच साधनं केली. आम्ही बालवाडीच्या बायका त्यांच्याकडूनच शिकलो. एक वाटी, एक चमचा आणि काठावरचे खडे एवढ्यावर थोरली बराच वेळ काढेल. मध्येच ‘हे बघ, ते बघ’ करू नकोस. ती स्वतःहून काही दाखवायला आणेल, तेव्हा मात्र हातातलं ठेवून बघ. धाकट्याने खडा तोंडात घालू नये, एवढं बघायचं.

थोरली विचारेल, ‘एवढं पाणी कुणाचं?’ तिला खरं उत्तर दे. रतनगडाच्या डोंगरात पडणारा पाऊस प्रवरेतून इथे येतो. १९१० साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. साठा सुमारे ११ टीएमसीचा. पण तिला आकडे नकोत, वाट सांग. हे पाणी इथून निघून मावशीआजीच्या संगमनेरला येतं, पुढे राहुरी-श्रीरामपूरकडच्या उसाला जातं, आणि शेवटी प्रवरा टोका गावापाशी गोदावरीत मिसळते. त्याच पट्ट्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिच्या दुधातल्या साखरेची गोष्ट या डोंगरातल्या पावसापाशी सुरू होते, हे तिला कळलं तर पुरे.

जलाशयाला ‘आर्थर लेक’ म्हणायची सवय आपल्याला आहे. तिला राघोजी भांगरे जलाशय म्हणायला शिकव. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. फाशीची गोष्ट तिला आत्ता नको, नाव मात्र आत्तापासून कानावर पडू दे.

जेवण शेंडी गावात किंवा रतनवाडीत घरगुती घ्या, पण आधी कळवा. मुलांसाठी तिखट न घातलेलं वरण आणि मऊ भात बाजूला काढायला सांगा. तूप आणि मेतकूट घरून ने. म्हणजे ताटात तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ नवी असली, तरी मेतकूट-भात जुनाच असेल. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारून थोरलीला वालाच्या शेंगा सोलायला बसव. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे किती तरी गावरान वाण जपले आहेत. शेंगा सोलताना तिला त्यांतले रंग दिसतील. उकळलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, कानटोप्या, मोजे, घरच्या उशा आणि न धुतलेल्या गोधड्या बरोबर घे. गोधडीला घरचा वास हवा.

आता तुझ्याविषयी. सहलीला जाऊन आईने तेच करायचं, बाटल्या धुवायच्या, लंगोट बदलायचे, भरवायचं, निजवायचं, तर ती सहल इतरांची झाली. रविवारची सकाळ नाश्त्यापासून जेवणापर्यंत पूर्ण तुझी ठेव. झोप, चाल, नुसती बस. तेवढा वेळ मुलं जावईबापूंकडे, मात्र काठापासून दूर. पण हे तिथे जाऊन सुरू करता येणार नाही, कारण बाबाने निजवणं हे धाकट्यासाठी आणखी एक नवं होईल. आजपासून रोज रात्री त्याला जावईबापूंनीच निजवायचं. पहिले काही दिवस रडेल. तू खोलीत जाऊ नकोस आणि दाराबाहेरून सूचनाही देऊ नकोस. त्यांची पद्धत वेगळी असेल, असू दे. सहलीपर्यंत दोघांना एकमेकांची सवय होईल, आणि ती सवय घरी परतल्यावरही तुझ्या कामी येईल.

सोमवारी पहाटे निघून थेट ऑफिस गाठायचं, हे तर अजिबात नको. रविवारी जेवून निघा, सोमवारी दोघांनीही रजा टाका. कपडे धुऊन होतील, मुलं आपल्या जागी झोपतील, मंगळवारी पाळणाघर नीट सुरू होईल.

तू लिहिलंस, ‘रोज सकाळी माझ्या तोंडून “चल लवकर” शिवाय काही निघत नाही. निदान दोन दिवस तरी चांगली आई होईन.’ हे वाचून मी अस्वस्थ झाले. सोनू, सात बावन्नची लोकल धरायला पळणारी आई वाईट नसते. डबा भरतेस, बूट शोधतेस, ताप मोजतेस, रात्री दोनदा उठतेस, हीच मुलांची आई आहे, आणि ती चांगली आहे. सहल ही कशाची भरपाई समजू नकोस. भरपाई समजलीस म्हणूनच दोन दिवसांत इतकं कोंबावंसं वाटलं.

तिथे एक मात्र बघ. घाई नसताना थोरलीला बूट घालायला किती वेळ लागतो? सात-आठ मिनिटं लागत असतील, तर घरी तेवढी मिनिटं तिला मिळतील अशी सकाळ लाव. गणवेश, बूट, दप्तर रात्रीच दाराशी काढून ठेव आणि तिला दहा मिनिटं आधी उठव. ‘चल लवकर’ पूर्ण बंद होणार नाही, पण कमी नक्की होईल. सहलीतून घरी आणायचं ते एवढंच, आणि ते वर्षभर पुरतं.

आता आखणी पुन्हा लिही आणि मला पाठव. ती चार ओळींत मावली पाहिजे. आणि जावईबापूंनी निजवायला सुरुवात केल्याचं त्यांच्याकडूनच मला फोनवर कळू दे.

जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार, दोन्ही पिल्लांना गोड पापा.

तुझी,
मावशी