बातमीखालची धून आणि तिचा कागद

गणेशोत्सवात आमच्या जिल्ह्याच्या यूट्यूब चॅनलवर विसर्जनाची बातमी गेली आणि लगेच कॉपीराइटचा क्लेम आला. व्हिज्युअल्स आमचे, बाइट आमचे. क्लेम होता एडिटिंगमध्ये मागे लावलेल्या ‘सुखकर्ता दुखहर्ता’च्या रेकॉर्डवर. डेस्कवरचा पोरगा वैतागला, ‘सर, आरती तर रामदासांची!’ शब्द रामदासांचेच, त्यांवर आज कुणाचा हक्क नाही. पण ध्वनिमुद्रण ही निराळी मालमत्ता. आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर 60 वर्षं तिला संरक्षण आहे.

क्लेमवर बहुधा जाहिरातीच्या पैशांवर पाणी सोडून भागतं. स्ट्राइकचं तसं नाही. 90 दिवसांत तीन पडले की चॅनलच जाऊ शकतं.

‘बातमीला सगळं माफ’ या भरवशावर राहू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ची सवलत घडामोडींच्या वार्तांकनाला आहे. गाण्यावरूनच वाद पेटला असेल, तर त्याचा तुकडा दाखवण्याला आधार मिळतो. बातमी सजवायला तेच गाणं घेतलं तर नाही.

मोफत धुनांचंही वाचून घ्यावं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतल्या काही धुनांना श्रेय द्यावं लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) दिसलं तर जाहिराती घेणाऱ्या चॅनलने त्या वाटेला जाऊ नये. ‘एनडी’ (रूपांतर नको) असेल तर धून व्हिडिओखाली लावताच येत नाही, कारण चित्राशी जोडणं हेच रूपांतर धरलं जातं. विकतचं सबस्क्रिप्शन संस्थेच्या नावावर घ्या. एडिटरच्या खासगी ईमेलवर घेतलं, तर तो नोकरी सोडताना परवानाही घेऊन जातो. धून उतरवली त्याच दिवशी परवान्याची पीडीएफ बातमीच्या फोल्डरात टाका. (अपघाताच्या बातमीखाली व्हायोलिन मात्र परवाना असूनही लावू नये, हे माझं ठाम मत.)

सगळ्यात बेसावध आपण असतो ते स्वतः करून घेतलेल्या सिग्नेचर ट्यूनबाबत. पैसे दिले, ट्यून आपली, असं वाटतं. आमच्या करारात मुदत नव्हती, प्रदेशही नव्हता. वकिलांनी कलम 19 पुढे ठेवलं: मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांपुरतं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि आमचे कितीतरी प्रेक्षक दुबईत, अमेरिकेत! संगीतकाराला बोलावून दोन्ही गोष्टी नव्याने लिहून घेतल्या. त्याने वाढीव मानधन मागितलं. घासाघीस न करता दिलं. मागणी रास्तच होती.