सेंद्रिय धान आणि मातीतला कार्बन: एकरी हिशोब काय पडतो?

सेंद्रिय द्राक्षबागा हवेतला कार्बन साठवतात, हे नाशिककडून हल्ली बरेच ऐकू येते. ते खरेही आहे. वेल वर्षानुवर्षे उभा असतो. खोडात, मुळांत आणि ओळींमधल्या न नांगरलेल्या मातीत कार्बन टिकतो. पण तेवढ्यासाठी गोंदियाजवळच्या कुडव्यात द्राक्ष लावू नका. इथला पाऊस आणि दमट हवा डाऊनी रोगाला फार मानवते. आपले पीक धान, तेव्हा हिशोबही बांधीतच मांडायला हवा.

पहिली पायरी माती परीक्षणाची. मृद आरोग्य पत्रिका योजनेत त्याचे पैसे पडत नाहीत. धान कापल्यावर, खत टाकण्याआधी, आठ-दहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा करून माती घ्या. धुऱ्याजवळची किंवा उकिरड्याखालची नको. सगळी मिसळून अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी सहायक पुढची वाट दाखवतील. पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याखाली असेल तर कमी, 0.75 च्या वर असेल तर चांगला.

हा आकडा 0.1 ने वाढला तर वरच्या थरात एकरी सुमारे 0.9 टन कार्बन साठतो, म्हणजे हवेतला 3.3 टन कार्बन डायऑक्साइड. ही वाढ एका हंगामात होत नाही, वर्षे लागतात. टनाला हजार रुपये मिळाले असे धरले तरी सगळे मिळून 3,300 रुपये, आणि त्यातूनच मोजणी-तपासणीचा खर्च वजा. म्हणून ‘कार्बन क्रेडिट मिळवून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कर्ब वाढवायचा तो माती पाणी धरून ठेवते आणि खताची गरज घटते म्हणून.

धानात एक अडचण आहे, ती द्राक्षात नाही. साचलेल्या पाण्यात मिथेन तयार होतो, आणि कच्चे शेण किंवा तणस चिखलात गाडले की तो वाढतो. तेव्हा सेंद्रिय म्हटले की हवा आपोआप सुधारली, असे नाही. शेणखत पूर्ण कुजलेलेच टाका. एकरी 5 टन, म्हणजे साधारण दोन ट्रॉल्या. धुऱ्यावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्या तर खड्ड्यात कुजवायला पाला फुकट मिळतो. उन्हाळी धानाला पाणी आलटूनपालटून द्या: भोके पाडलेला पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा बांधीत पुरा, आतले पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेले की पुन्हा भरा. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नका. मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो आणि वीजही वाचते.

प्रमाणपत्राचे दोन मार्ग आहेत. पीजीएस-इंडियात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. शुल्क नाही, पण निर्यातीला ते चालत नाही. निर्यातीसाठी एनपीओपी लागते, तिथे प्रमाणन संस्थेची फी भरावी लागते. दोन-तीन संस्थांकडून लेखी दर मागवा. दोन्हीकडे धानासारख्या हंगामी पिकाला रूपांतराची सुमारे दोन वर्षे जातात. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत, पैकी 15,000 निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात. एकरी वर्षाला हे जेमतेम 2,000 होतात.

खरा खर्च उत्पादनातल्या घटीचा. 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये; खरेदी केंद्रावर सेंद्रिय धानाला त्याहून जास्त नाही. सुरुवातीला एकरी तीन क्विंटल कमी झाले तर 7,107 रुपये गेले, आणि अनुदान त्याची निम्मीही भरपाई करत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अर्ध्या एकरापासून सुरुवात करा, चिन्नोरसारखा सुवासिक वाण घ्या, आणि रोवणीआधीच गोंदियातली घरे गिऱ्हाईक म्हणून पक्की करा. क्विंटलभर धानातून साधारण 65 किलो तांदूळ निघतो. त्यावरून किलोचा भाव काढा.

आणि तांदूळ घेणाऱ्यांनो, पीजीएस-ग्रीन म्हणजे शेत अजून रूपांतरात आहे, पीजीएस-ऑरगॅनिक म्हणजे ते पूर्ण झाले. ग्रीनलाही चार पैसे जास्त द्या. शेतकऱ्याला सर्वात जास्त तोटा याच दोन वर्षांत सोसावा लागतो.