वायुभार आणि तळ्यांतील मासे

शेततळ्यांत मासे पाळणाऱ्या बागाईतदारांत एक समजूत रूढ होत चालली आहे. आभाळ भरून आलें, वारा पडला आणि पहाटेच्या सुमारास मासे पाण्यावर तोंडें काढून धापा टाकूं लागले, म्हणजे हवेचा दाब उतरल्यामुळें त्यांस त्रास होतो असें मानावयाचें, व दाब पुन्हां चढेपर्यंत वाट पाहत बसावयाचें. गेल्या श्रावणांत आमच्या माहितीच्या एका तळ्यावर लागोपाठ चार दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं. पांचव्या पहाटे रोहू व कटला वर आले. मालकांनीं घरांतील वायुभारमापक पाहिला; कांटा खालीं गेलेला होता. तो वर येण्याची त्यांनीं वाट पाहिली. दिवस कासराभर वर येईपर्यंत तळ्याच्या कांठानें मेलेल्या माशांचा थर लागला. पाणी उपसण्याचा पंप तेथेंच सुस्थितींत उभा होता. तो सुरू करावा हें कोणासहि सुचलें नाहीं. कारण चुकीचें धरल्यामुळें वर्षाची मेहनत एका सकाळींत बुडाली, म्हणून या विषयाचा विचार येथें थोडा खोलांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माशांच्या वागणुकीचा संबंध वायुभाराशीं जोडण्याची रीत गळ टाकणाऱ्या लोकांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. उत्तर अमेरिकेंत ‘क्रॅपी’ नांवाच्या माशाविषयीं ती विशेष ऐकूं येते. क्रॅपी हा तिकडील गोड्या पाण्यांतील मासा असून त्याच्या पांढरा व काळा अशा दोन जाति आहेत. बारीक मासे व पाण्यांतील किडे हें त्याचें भक्ष्य होय. वसंत ऋतूंत अंडीं घालण्याकरितां तो उथळ कांठाशीं येतो. एरव्हीं बुडालेल्या झाडाझुडपांच्या आश्रयानें थव्यानें राहतो. मिसिसिपी राज्यांतील एनिड धरणाजवळ १९५७ सालीं धरलेला ५ पौंड ३ औंस वजनाचा पांढरा क्रॅपी विक्रमी म्हणून प्रसिद्ध आहे. तिकडील गळवाले सांगतात कीं, वादळापूर्वीं दाब उतरूं लागला म्हणजे क्रॅपी अधाशीपणें आमिष घेतो; वादळ ओसरून दाब चढला व आकाश निवळलें कीं तो तोंड उघडीत नाहीं. याचें कारण ते असें देतात कीं, माशाच्या पोटांत वाताशय म्हणून हवेची पिशवी असते. दाब बदलला कीं ती फुगते वा आक्रसते, आणि मासा अस्वस्थ होतो.

वाताशयाची गोष्ट खरी आहे. त्याच्या योगानेंच मासा पाण्यांत हव्या त्या खोलीवर राहूं शकतो. क्रॅपीचा वाताशय बंद असतो व त्यांतील वायु रक्तावाटें सावकाश कमीजास्त होतो. आपल्या रोहू, कटला व मृगळ यांच्या वाताशयास अन्ननलिकेकडे जाणारी नळी असते, म्हणून त्यांस तो वायु तोंडावाटें सोडतां येतो. प्रश्न एवढाच कीं, हवेचा दाब बदलतो तो किती?

इटलींतील टॉरिसेली यानें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीनें वायुभार मोजण्याची युक्ति काढली. समुद्रसपाटीवर हा भार सुमारें ७६० मिलिमीटर उंच पाऱ्याच्या स्तंभाएवढा असतो. पारा पाण्याहून १३.६ पट जड असल्यामुळें हाच भार सुमारें १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाबरोबर होतो. हल्लीं हवामान खातें वायुभार हेक्टोपास्कल या मापांत सांगतें. समुद्रसपाटीवर तो साधारणतः १०१३ धरतात. यावरून लक्षांत ठेवण्यास सोपा हिशेब निघतो तो असा : एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी.

आतां हा हिशेब लावून पाहूं. आपल्या प्रदेशांत वायुभार रोज दोनदां चढतो व दोनदां उतरतो. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास तो अधिक, आणि पहाटे व दुपारीं चारच्या सुमारास कमी असतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा, म्हणजे तीन-चार सेंटिमीटर पाण्याएवढा. पावसाळी हवेंत दाब पंधरा हेक्टोपास्कलांनीं उतरला असें धरलें, तरी तें पंधरा सेंटिमीटर पाणी झालें. पुरती एक वीतहि नव्हे. क्रॅपीच्या देशांत तो कधीं कधीं तीस हेक्टोपास्कलांनीं बदलतो, म्हणजे दीड वीतेहून कमीच. मासा तर दिवसांतून कितीदां तरी हातभर वर येतो आणि दोन हात खालीं जातो. त्या प्रत्येक खेपेस त्याला अशा उतारचढावाहून मोठा फरक सोसावा लागतो, व तो सहज सोसतो.

दुसरा पुरावा आपल्या घरचाच आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. तेथील प्रत्यक्ष वायुभार कोंकण किनाऱ्यावरील भाराहून सुमारें साठ हेक्टोपास्कलांनीं बारमहा कमी असतो. हवामानाच्या नकाशावरील आंकडे समुद्रसपाटीशीं जुळवून दिलेले असतात, म्हणून हा फरक त्यांत दिसत नाहीं. साध्या पावसाळी उतारापेक्षां हा फरक किती तरी अधिक आहे. तरी पुण्याकडील तळ्यांतले रोहू नित्य खातात, वाढतात व बाजारांत येतात.

मग अमेरिकेंतील गळवाल्यांचा अनुभव खोटा काय? अनुभव खोटा नसावा. त्याचें कारण निराळें आहे. वादळापूर्वीं ढग येतात, उजेड मंदावतो, आणि मंद उजेडांत शिकार करणारा क्रॅपी हालचाल करूं लागतो. वादळामागून थंड वारा व लख्ख ऊन येतें. उथळ पाणी निवतें. माशाचें रक्त पाण्याबरोबर थंड होत असल्यानें त्याची भूक व चपळाई कमी होते. दाब आणि मासा हे दोघेहि त्याच हवामानाच्या मागें जातात. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, तद्वत् कांटा वर चढला म्हणून मासा खावयास लागत नाहीं.

आपल्या तळ्यांतील मासे ढगाळ हवेंत वर येतात त्याचेंहि खरें कारण पाण्यांतच आहे. पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. वायुभार पंधरा हेक्टोपास्कलांनीं उतरल्यास यांत शेंकडा दीड एवढीच घट होते. तेवढ्यानें मासा मरत नाहीं. परंतु पाण्यांतील सूक्ष्म हिरवें शेवाळ दिवसा उन्हाच्या बळावर प्राणवायु निर्माण करतें आणि रात्रीं स्वतःच तो खातें. शिवाय मासे, तळाचा गाळ व उरलेलें खाद्य हींहि तो रात्रभर वापरीत असतात. म्हणून प्राणवायु सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधीं. ढगाळ दिवसांत मिळकत आटते, खर्च मात्र चालूच राहतो; वारा पडला तर हवेंतून मिळणारी भरहि बंद होते. त्यांतच थंड पावसाचें पाणी एकदम पडून खालीं गेलें, तर तळाचें प्राणवायुहीन पाणी वर येतें. पांच मिलिग्रॅमांच्या वर प्राणवायु असला तर रोहू सुखानें राहतो. दोनाच्या खालीं गेल्यास जीव धोक्यांत येतो. त्याच तळ्यांत मरळ असेल तर ती तग धरते, कारण तिला वरची हवा घेऊन श्वास करतां येतो. दाबाचा दोष असता तर तो दोघांसहि सारखा बाधला असता.

अशा वेळीं करावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणें :

१. दोन दिवस ऊन पडलें नाहीं कीं कोंडा, पेंड व शेण टाकणें थांबवावें. उपाशी राहून मासा चार दिवसांत मरत नाहीं. प्राणवायूवांचून एका पहाटेंत मरतो.

२. रोज पहाटे उजाडण्यापूर्वीं स्वतः तळ्यावर जावें. मासे तोंडें वर काढीत असतील व गोगलगाई कांठावर चढल्या असतील, तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

३. पंप लावून तळ्याचेंच वरच्या थरांतील पाणी उंचावरून फवाऱ्यानें परत तळ्यांत पाडावें. तळाचा गाळ ढवळूं नये. विहिरीचें पाणी सोडावयाचें तर तेंहि फवारूनच सोडावें, कारण खोल पाण्यांत प्राणवायु थोडा असतो.

४. हवा घुसळणारें यंत्र असल्यास अशा दिवसांत तें मध्यरात्रीपासून ऊन पडेपर्यंत चालवावें.

५. त्या दिवशीं जाळें टाकूं नये व बोटुकली सोडूं नये.

६. हात कोपरापर्यंत पाण्यांत घालून पाहावा. कोपर बुडण्यापूर्वींच तळवा दिसेनासा झाला व पाणी हिरवें गडद असलें, तर शेवाळ अति झालें असें समजून खत कमी करावें. दाटी झाली असल्यास मोठे मासे वेळींच काढून विकावे.

वायुभारमापक टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. कांटा उतरूं लागला तर ढग येण्याचा संभव आहे एवढें तो एक दिवस आधीं सांगतो, आणि तेवढ्या सूचनेवर खाद्य थांबवून पंपांत तेल भरून ठेवतां येतें. परंतु कांटा पाहून झाल्यावर मालकानें तळ्याच्या कांठीं गेलें पाहिजे. येत्या पावसाळ्यांत आमच्या वाचकांनीं एका वहींत रोजचें ऊन, वारा, पहाटेची माशांची स्थिति व दाबाचा आंकडा हीं चारी टिपून ठेवावीं. मासे कशामुळें वर येतात हें मग त्यांस आम्हीं सांगण्याची गरज उरणार नाहीं.