क्लिपलेस पेडल निवडताना : आधी बूट, मग आटा, मग पेडल

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर सध्या दोन जातींच्या सायकली वाढताना दिसतात. एक, हलक्या फ्रेमच्या रोड बाइक. दुसरी, गावाकडच्या माळ्यावरून उतरवून, घासूनपुसून, रंग देऊन आणलेल्या जुन्या सायकली. दोन्हींचे मालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, "क्लिपलेस पेडल बसवायचंय, कुठलं घेऊ?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. माझं उत्तर थोडक्यात असं : पेडलची किंमत आणि वजन शेवटी बघा. आधी तुम्ही सायकलवरून उतरून किती चालता ते बघा, आणि मग क्रँकचा आटा मोजा.

नावाची गंमत

क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. पण यात बूट तर पेडलला चक्क अडकतो! इथे 'क्लिप' म्हणजे जुन्या रेसिंग सायकलींच्या पेडलवर असायची ती टो-क्लिप, म्हणजे बोटांपुढची पत्र्याची चौकट आणि चामड्याचा पट्टा. पट्टा आवळला की पाय घट्ट. पण थांबायचं झालं की हाताने पट्टा सैल करा, मग पाय काढा. १९८४ मध्ये स्कीइंगची बाइंडिंग्ज बनवणाऱ्या 'लुक' या फ्रेंच कंपनीने तेच तंत्र सायकलला लावलं. बुटाच्या तळाला एक तुकडा (क्लीट), पेडलमध्ये स्प्रिंग; वरून दाबलं की खट्कन बसतं, टाच बाहेर वळवली की सुटतं. १९८५ मध्ये बर्नार इनो याने हीच पेडल वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली आणि बघता बघता टो-क्लिप मागे पडली. १९९० च्या सुमारास शिमानोने माउंटन बाइकसाठी एसपीडी पेडल आणलं. त्याचा क्लीट छोटा, पोलादी आणि बुटाच्या तळव्यात आत बसलेला, त्यामुळे ते बूट घालून चालता येतं.

फायदा नक्की किती?

"पाय वर ओढूनही ताकद लावता येते, म्हणून वेग वाढतो" असं सगळे सांगतात. स्प्रिंट मारताना किंवा चढावर जोर लावताना त्यात तथ्य आहे. पण एका लयीत चाललेलं असताना मुद्दाम वर ओढत राहिल्याने ऊर्जा वाचत नाही, असंच प्रयोगांत दिसलं आहे. खरा फायदा वेगळा आहे. पाय दर वेळी एकाच जागी बसतो, पावसात घसरत नाही, आणि वेगात पेडल मारताना उडत नाही. लांबच्या राइडला हे फार मोलाचं. हॉस्टेल ते डिपार्टमेंट एवढंच जायचं असेल, तर रबरी पेडल आणि चप्पल जिंदाबाद!

दोन बोल्ट की तीन?

बाजारात ढीगभर मॉडेल्स असली तरी मुख्य फाटा एकच आहे.

१) दोन बोल्टवाली (एसपीडी आणि त्या जातीची) : क्लीट लहान, बूट चालण्याजोगे. बहुतेक पेडलना दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर खाली बघावं लागत नाही. काही पेडल एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने एसपीडी असतात. सकाळी राइड आणि संध्याकाळी चपलेवर मेसला, अशा माणसासाठी ही उत्तम.

२) तीन बोल्टवाली (लुक किओ, शिमानो एसपीडी-एसएल) : क्लीट मोठा, प्लॅस्टिकचा. दाब रुंद जागेवर पसरतो म्हणून कडक तळव्याच्या रेसिंग बुटाबरोबर छान बसतं. पण पाय एकाच बाजूने अडकतो, आणि चालताना बदकासारखी चाल होते. डांबरावर फार चाललं की क्लीट झिजतो, तो बदलायचा खर्च वेगळा.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. त्यात कंट्रोलवर शिक्का, चहा, पंक्चर अशी दहा वेळा उतरपायरी होते. अशा राइडसाठी रोड बाइक असली तरी मी दोन बोल्टवालीच सुचवतो. रेसमध्ये उतरणाऱ्यांनी तीन बोल्टची घ्यावीत.

गुडघा सांभाळा

क्लीट अडकल्यावरही टाच थोडी डावी-उजवी हलते, त्याला फ्लोट म्हणतात. एसपीडी-एसएलमध्ये पिवळ्या क्लीटला ६ अंश, निळ्याला २ अंश, लाल क्लीटला शून्य. नवख्याने पिवळाच घ्यावा. आपल्या पायाची ठेवण नैसर्गिकरीत्या थोडी वाकडी असते. ती जबरदस्तीने सरळ बांधून तासाला पाच हजार वेळा पेडल मारलं, तर ताण गुडघ्यावर येणारच. क्लीट साधारण अंगठ्यामागच्या चवड्याच्या हाडाखाली येईल असा लावा. गुडघा दुखला तर "सवय होईल" म्हणून पुढे रेटू नका. आधी क्लीटचा कोन तपासा.

जुनी सायकल : आटा मोजल्याशिवाय पाना लावू नका

आजच्या बहुतेक पेडलचा आटा ९/१६ इंच, इंचाला २० फेरे. जुन्या इंग्लिश सायकलींचाही हाच, म्हणून कॉटर पिनवाल्या पोलादी क्रँकवरही नवं पेडल बहुधा बसतं. (कॉटर सैल असेल तर आधी तो नीट करा. दर फेरीला 'कट-कट' होत असेल तर दोष पेडलचा नाही.) मात्र जुन्या फ्रेंच सायकलींचा आटा १४ मिमी, पिच १.२५ मिमी असतो. आता गणित करा : ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी, आणि पिच १.२७ मिमी. फरक इतका कमी, की एक-दोन फेरे सहज जातात आणि मग घट्ट लागतं. इथे लांब पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमच्या क्रँकचा आटा गेलाच! तसा जुना क्रँक पुन्हा मिळणं मुश्कील. योग्य उपाय म्हणजे ९/१६ चा टॅप मारणं. भोक थोडं मोठं होतं, क्रँक वाचतो. डाव्या क्रँकला डावा टॅप लागतो, हे विसरू नका. आणि एकाच सळईला वाकवून केलेला क्रँक असेल तर आटा बहुधा १/२ इंची. त्यावर ही पेडल बसणार नाहीत. व्हर्नियर आणि थ्रेड गेज वर्कशॉपमध्ये आहेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलबाहेरही त्यांचा उपयोग करूया!

काळाचाही विचार करा. १९८४ च्या आधीच्या सायकलवर क्लिपलेस शोभेला विसंगतच दिसतं. इटलीत १९९७ पासून भरणाऱ्या 'लेरोइका' राइडला १९८७ पर्यंतच्याच रोड सायकली आणि टो-क्लिपची पेडल लागतात. सायकल प्रदर्शनाला न्यायची असेल तर टो-क्लिप ठेवा. रोज चालवायची असेल तर खुशाल बदला, पण जुनी पेडल ग्रीस लावून डब्यात जपून ठेवा.

डावा आटा उलटा का?

व्हायव्हात विचारण्याजोगा प्रश्न! मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला फिरते. पेडलच्या दांड्यावरचा भारही असाच फिरता असतो, आणि आट्यातल्या बारीकशा फटीमुळे दांडा उलट सरकू पाहतो. याला प्रिसेशन म्हणतात. त्याने पेडल सुटू नये म्हणून डाव्या पेडलला डावा आटा. लक्षात ठेवायला सोपं : दोन्ही पेडल पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की आवळतात. आट्याला ग्रीस लावा, आधी हाताने फिरवा, मग पाना. शिमानो ३५ ते ५५ न्यूटन-मीटर सांगते.

पहिला आठवडा

स्प्रिंगचा स्क्रू सर्वांत सैल ठेवा. भिंतीला धरून दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा अडकवा-सोडवा, मग मैदानातल्या गवतावर, आणि त्यानंतरच रस्त्यावर. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधीच एक पाय मोकळा करायचा. पाय सोडवायचा राहिला तर माणूस थांबल्या जागी आडवा होतो. गवतावर त्याचं हसू होतं. मागून बस येत असेल तर हसायला जागा उरत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, दुकानात जाताना तीन गोष्टी घेऊन जा : चालण्याचा अंदाज, आट्याचं माप, आणि बुटांसाठी वेगळे पैसे. आट्याबद्दल शंका असेल तर पाना लावण्याआधी सायकल घेऊन स्टँडवर या, आपण मिळून मोजू.