चक्रीवादळाच्या हंगामाआधी

पुणे, १० मे

चि. सौ. मुक्ता,

ह्यूस्टनजवळ केटीला तुम्ही घर घेतलेत, जूनमध्ये दादा-वहिनी राहायला येणार आणि १ जूनपासूनच तिकडे हरिकेनचा हंगाम सुरू होतो. पाणी, टॉर्च, बॅटऱ्या, कोरडा खाऊ ही तू पाठवलेली यादी बरोबर आहे. पण त्यातले बरेचसे सामान वादळाला नाव पडल्यावरही धावपळ करून आणता येते. ऐन वेळी जे होण्यासारखे नसते तेच आधी उरकावे, एवढेच मला सांगायचे आहे. त्यात पहिले काम पूरविम्याचे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराच्या पाण्याचे नुकसान धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा घराचे कर्ज घेतानाच काढला तर लगेच लागू होतो. नंतर काढला तर सहसा ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसू लागल्यावर एजंटला फोन करण्यात काही अर्थ नाही.

तू म्हणशील, बँकेने तर विमा मागितला नाही, नकाशात घर पूररेषेबाहेर आहे. बँक आपल्या कर्जापुरते बघते, आणि तेही सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातच. १०० वर्षांची पूररेषा याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती २६ टक्क्यांच्या घरात जाते. रेषेबाहेर ती कमी होते, संपत नाही. २०१७ च्या ‘हार्वी’ वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतल्या दीड लाखाहून अधिक घरांत पाणी शिरले आणि त्यांतली निम्म्याहून जास्त या रेषेबाहेरची होती. तुमच्या बाजूची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही धरणे १९४० च्या दशकात ह्यूस्टन शहर वाचवण्यासाठी बांधली. नंतर त्यांच्या बुडीत क्षेत्राच्या वरच्या भागात वसाहती उठल्या. ‘हार्वी’त धरणे फुगली तेव्हा पाणी मागे तुंबत तुंबत त्या घरांत आले आणि दरवाजे उघडल्यावर खालच्या बाजूची घरेही बुडाली. तेव्हा आपले घर बार्करच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर आहे, हे आधी बघ. हप्ता फुकट जाईल म्हणतेस, तर घरात एक इंच पाणी आले तरी २५ हजार डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकते, असा ‘फेमा’ या अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचा अंदाज आहे.

दुसरा आक्षेप असा की, वादळ पहिल्या श्रेणीचे असेल तर एवढी चिंता कशाला? ही श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती पडेल किंवा वीज किती दिवस जाईल, हे त्यात कुठेच नाही. ‘हार्वी’ने ह्यूस्टन बुडवले तेव्हा त्याचा जोर ओसरून ते हरिकेनही राहिले नव्हते. जुलै २०२४ मधले ‘बेरिल’ पहिल्याच श्रेणीचे होते, तरी ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांकडे ती आठवड्यानंतर आली. टेक्सासच्या जुलैत बंद खिडक्यांच्या घरात वाऱ्यापेक्षा उकाडा वैरी ठरतो, ‘बेरिल’नंतर त्यात माणसे दगावली. घरात वयस्कर माणसे असताना हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. दादाचे इन्सुलिन वापरात असताना फ्रिजबाहेर साधारण ३० अंशांच्या आतच टिकते आणि वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज चारेक तासच थंड राहतो. म्हणून औषधांचा जादा साठा, बर्फाची पेटी आणि वीज असलेले एखादे ओळखीचे घर आत्ताच ठरवून ठेव. जनरेटर घेतलास तर तो गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, लावू नकोस. घरापासून किमान २० फूट लांब ठेव. २०२० च्या ‘लॉरा’ वादळात समुद्राच्या लाटेपेक्षा जनरेटरच्या विषारी वायूने जास्त बळी घेतले. दादा-वहिनींनी हिवाळ्यात यावे हा उपाय सोपा आहे, पण तो वहिनीला तूच सांग.

राहिला प्रश्न ‘सरळ गाडी काढून निघून जाऊ’ या विचाराचा. २००५ मध्ये ‘रीटा’च्या भीतीने वीस लाखांहून अधिक लोक एकदम रस्त्यावर आले. वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसे गेली. पळायचे ते पाण्यापासून, आणि तेही प्रशासनाने तुमच्या भागाला सांगितले तर. वाऱ्यासाठी भक्कम घरातल्या मधल्या खोलीत बसणे बरे. वीज जाण्याच्या भीतीने दादा-वहिनींना हलवायचे असेल तर दोन दिवस आधी, दिवसाउजेडी सॅन अँटोनिओकडे निघा. पाणी वाहत्या रस्त्यावर मात्र गाडी घालू नका. फूटभर वाहते पाणी बहुतेक मोटारी ओढून नेते.

त्या दोघांचे पासपोर्ट, प्रवासी विम्याचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका बंद पिशवीत ठेव, फोटो मलाही पाठव. पूरविम्याची पॉलिसी हातात आली की कळव.

तुझा,
काका