स्कॅनर मिळेल हो, दप्तर कोण सांभाळणार?

'जुनं ते सोनं' असं आपण म्हणतो खरं, पण ते सोनं ठेवायचं कुठं आणि चावी कुणाकडे, याचा विचार फारसा होत नाही. "कॉलेजचं जुनं सगळं स्कॅन करून टाकू या," ही सूचना हॉस्टेलवर अधूनमधून निघते. सूचना चांगलीच आहे. पण या विषयावर थोडं वाचल्यावर माझं मत असं झालं, की डिजिटल संग्रहात स्कॅनिंग हा सर्वांत सोपा भाग. ते काम संस्थेला आपलं वाटलं पाहिजे, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

धुळ्याचा धडा

मी खांडबाऱ्याचा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नवापूर तालुक्यातलं आमचं गाव. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचा जिल्हा धुळे. त्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी पत्रं आणि दप्तरं जमवली होती. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. मागे उरले कागद, टिपणं आणि अपुरी कामं.

एकट्या माणसाच्या संग्रहाचं पुढे काय होतं, हे आपण घरोघरी पाहतो. वाटण्या होतात, वाळवी लागते, नाहीतर रद्दीवाला येतो. धुळेकरांनी मात्र नऊ दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. राजवाड्यांचा 'धातुकोश' १९३७ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दहा वर्षांनी छापून निघाला. माणूस गेला तरी काम चालू राहिलं, कारण ते सांभाळायला संस्था उभी होती. तेव्हा ना संगणक होता, ना स्कॅनर!

आता थोडं गणित

ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं, तर सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले, तर दाबून लहान न केलेली फाइल साधारण २६ एमबीची. समजा, मासिकाचे १०० पानी ५० अंक आहेत. पानं झाली ५,०००, आणि जागा लागेल सुमारे १३० जीबी. एवढं तर खिशातल्या हार्ड डिस्कमध्ये मावतं. म्हणजे अडचण जागेची नाहीच.

अडचण काळाची आहे. बीबीसीने १९८६ साली 'डोम्सडे' नावाचा मोठा प्रकल्प केला. इंग्लंडमधल्या १०८६ च्या नोंदवहीला ९०० वर्षं झाली म्हणून शाळाशाळांतून माहिती जमवून ती लेझर डिस्कवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली, आणि २००२ च्या सुमारास माहिती सोडवून घ्यायला वेगळा संशोधन प्रकल्प करावा लागला. ९०० वर्षांपूर्वीची मूळ वही मात्र अजून वाचता येते! म्हणून डिजिटल वस्तू एकदा ठेवून चालत नाही. तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जागी लागतात, फाइल बिघडली नाही ना हे चेकसम काढून ताडावं लागतं, आणि काही वर्षांनी ती नव्या साधनावर हलवावी लागते. आपण तर चार वर्षांत हॉस्टेल सोडणार. मग हे करायचं कुणी?

सरांना भेटायला जाताना

उत्तर एकच, संस्थेने. पण संस्था आपोआप हलत नाही. मला सुचलेले मुद्दे असे:

१. आधी थोडं करून दाखवा. दहा अंक स्कॅन करा, लेखक-शीर्षकांची सूची करा आणि ग्रंथालयातल्या संगणकावर ठेवा. माजी विद्यार्थ्याला त्याची जुनी कविता मिनिटभरात सापडली, की पुढचं बोलणं सोपं जातं.

२. जबाबदारी पदाला जोडा. 'अमुक सरांना आवड आहे' एवढ्यावर संग्रह टिकत नाही. सरांची बदली होते. 'ग्रंथपालांचं काम' असं लेखी असेल, तर टिकतो.

३. अंदाजपत्रकात दरवर्षीची एक ओळ मागा. एकरकमी पैशातून स्कॅनर येतो आणि मग कव्हर घालून कोपऱ्यात बसतो. डिस्क बदलायला आणि दुसऱ्या प्रतीला लागणारी रक्कम लहान असते, पण ती दरवर्षी लागते.

४. नियम करून घ्या. यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सॉफ्ट कॉपीतही देणं सक्तीचं केलं. म्हणूनच इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'त आज लाखो प्रबंध आहेत. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टची फाइल दिल्याशिवाय 'नो ड्यूज'वर सही नाही, एवढं ठरलं तरी पुरे!

५. परवानगी घ्या. कुणाचं लिखाण, फोटो किंवा आवाज ठेवताना कुणाला दाखवायचं, हे आधी विचारून लिहून ठेवा.

पाचवा मुद्दा मला घरामुळे जास्त जवळचा वाटतो. आमच्या भागात मावची, कोकणी, भिली बोलतात. होळीची गाणी, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली गाणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. पोरं मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. मोबाइल बदलला, की गाणं गेलं. कोणी गायलं, कोणत्या गावात, कधी, याची नोंद नसेल तर उरलेली फाइलही मुकीच. गाणारे काही आपला प्रोजेक्ट पूर्ण व्हायची वाट बघत थांबणार नाहीत. असं रेकॉर्डिंग सांभाळणारी जागा आसपासच्या एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, आणि एक प्रत गावाच्या शाळेत राहिली, तर किती बरं होईल! पण दुसऱ्याचा ठेवा मागण्याआधी आपला स्वतःचा नीट सांभाळून दाखवायला हवा.

तेव्हा मित्रांनो, आणि शिक्षकवृंदांनाही विनंती, की स्कॅनरची मागणी जरा मागे ठेवू. पहिलं काम बिनपैशाचं आहे. आपल्या मासिकाचे कोणकोणते अंक ग्रंथालयात आहेत आणि कोणते नाहीत, याची यादी याच सत्रात करू. ती यादी आणि वरचे पाच मुद्दे घेऊन प्राचार्यांकडे जाऊ. कोण कोण येतंय?